ग्रेडरचं ब्लेड, लाटा आणि लेव्हल: वाचकांचे प्रश्न

मोटर ग्रेडर (मधल्या लांब ब्लेडनं माल कापून, पसरून रस्ता सपाट करणारं मशीन) चालवणाऱ्या आणि त्यावर काम करून घेणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून निवडलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांमध्ये ब्लेडचा कोन म्हणजे ब्लेड सरळ आडव्या स्थितीतून किती फिरवलं ते. अगदी आडवं असेल तर शून्य. जे टोक पुढे असतं ते पुढचं टोक, ज्या टोकाकडून माल बाहेर पडतो ते मागचं टोक. आकडे ३.६६ मीटर ब्लेडच्या मध्यम आकाराच्या मशीनचे आहेत. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचं ऐका.

प्रश्न: दोन वर्षं डोझर चालवून आता ग्रेडरवर आलो आहे. फिनिशिंगला, म्हणजे शेवटच्या बारीक सपाटीकरणाला, बसलो की रस्त्यावर लाटा उमटतात. त्या मोडायला लिव्हर हलवावी तर आणखी वाढतात. काय चुकतंय?

आधी टेप घ्या आणि दोन उंचवट्यांमधलं अंतर मोजा. अर्ध निदान तिथंच होतं. अंतर एक मीटरच्या आत असेल तर मशीन उसळतंय. ५ ते ७ मीटर असेल तर दोष लिव्हरच्या वेळेत आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

लांब लाटांचं आधी पाहू. ग्रेडरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण सहा मीटर अंतर असतं आणि ब्लेड जवळपास मधोमध असतं. पुढची चाकं ५० मिलिमीटरच्या उंचवट्यावर चढली की ब्लेड २०-२५ मिलिमीटर उचललं जातं. मागं टँडम आहे, म्हणजे एका बाजूची दोन चाकं एकाच झुलत्या पेटीवर बसलेली. त्यातलं एक चाक ५० मिलिमीटर चढलं की पेटीचा मध्य २५ चढतो आणि ब्लेडपर्यंत त्यातलं निम्मंच पोचतं. म्हणजे उंचवटे कमी करणं ही मशीनची स्वतःची खोड आहे. तुम्ही लिव्हरला हात लावला नाहीत तरी प्रत्येक पासमध्ये, म्हणजे मशीनच्या एका फेरीत, उंचवटा निम्म्यावर येत राहतो.

गडबड होते ती अशी. पुढचं चाक चढतं, ब्लेड उचललं जातं, ते तुम्हाला उशिरा दिसतं आणि तुम्ही ब्लेड खाली दाबता. तोवर चाक उतरायला लागलेलं असतं. चाक उतरलं म्हणून ब्लेड खाली येतं, वर तुम्ही दाबलंय म्हणून आणखी खाली जातं. तिथं खळगा पडतो. काही मीटरवर टँडम त्याच खळग्यात उतरतं, ब्लेड पुन्हा झुकतं, तुम्ही आता उचलता, आणि पुढचा उंचवटा तयार होतो. लाटेची लांबी मशीनच्या लांबीएवढी का येते, ते यावरून लक्षात येईल. डोझरवरून आलेल्यांना हा त्रास जास्त होतो, कारण डोझरचं ब्लेड पुढं असतं आणि तिथं चूक दिसताक्षणी दुरुस्त करायची सवय लागलेली असते.

तेव्हा नजर ब्लेडवर खिळवू नका. पुढच्या चाकाकडे आणि ब्लेडच्या पुढच्या टोकाकडे आलटून पालटून पाहा. चाक चढायला लागलं तेव्हाच हलका स्पर्श द्या, उतरायला लागलं की तेवढाच परत घ्या. लिव्हर धरून ठेवायची नाही, टिचकी मारल्यासारखी हलवायची. वेग तासाला ३ ते ५ किलोमीटर ठेवा. ४ च्या वेगानं मशीन सेकंदाला १.१ मीटर जातं. डोळ्यानं पाहून हात हलेपर्यंत अर्धा सेकंद गेला तर अर्धा मीटर रस्ता हातातून गेलेला असतो. ८ च्या वेगानं एक मीटरहून जास्त जातो. फिनिशिंगमध्ये वेळ वाचवायला गिअर वाढवणारा ऑपरेटर तोच वेळ दुप्पट करून पुढच्या पासमध्ये भरतो.

आता आखूड लाटा. यात ब्लेड जमिनीला धरतं, अडतं, टायर दबतात, मग ब्लेड सुटून उसळतं. कारणं बरीच असतात, म्हणून या क्रमानं पाहा. एक गिअर कमी करा. तेवढ्यानं थांबलं नाही तर ब्लेडचा कोन १० अंशांनी वाढवा, म्हणजे आधीच्या लाटेचा उंचवटा सगळ्या ब्लेडला एकदम भिडणार नाही, टोकाकडून क्रमानं भिडेल. मग ब्लेडची वरची कड थोडी पुढं झुकवा. तरीही उसळत असेल तर उतरून टायरमधली हवा तपासा. सहाही टायर मॅन्युअलमधल्या दाबावर हवेत, आणि डाव्या-उजव्या बाजूत फरक नको. शेवटी सर्कल (ब्लेड फिरवणारं मोठं कडं) आणि ड्रॉबार (ते कडं धरून ओढणारी चौकट) यांमधला खेळ, म्हणजे सैलपणा, पाहा. त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

एक गोष्ट दोन्ही प्रकारांना लागू आहे. लाटा उमटलेल्या रस्त्यावर त्याच रेषेत पुन्हा पास मारू नका. टायर त्याच लाटांवरून जाणार आणि ब्लेड तीच नक्कल पुन्हा उतरवणार. आर्टिक्युलेशन थोडं मोडून, म्हणजे मशीनची फ्रेम मधल्या सांध्यात वळवून, मागची चाकं वेगळ्या पट्ट्यावर आणा, किंवा जागा असेल तर एक पास तिरका घ्या. खोली लाटेच्या तळापर्यंत हवी. वरचे माथे छाटून खळग्यात सुटा माल भरला तर दिसायला सपाट होतं, रोलर फिरला की लाटा पुन्हा वर येतात. वाहतुकीमुळे खडीच्या रस्त्यावर पडलेल्या आडव्या पन्हाळ्यांनाही हेच लागू आहे: तळापर्यंत कापा, कडक असेल तर स्कॅरिफायरच्या दातांनी उकरा, पाणी मारा, पुन्हा पसरा, दाबा.

प्रश्न: मी साइट इंजिनिअर आहे. रोलर झाल्यावर लेव्हल घेतली की कुठं १० तर कुठं १५ मिलिमीटर कमी निघतं. ऑपरेटर बारीक माल ओढून तेवढं भरून देतो. लेव्हल पास होते, पण नंतर पापुद्रे सुटतात. यावर उपाय काय?

उपाय ऑपरेटरच्या हातात नाही, तुमच्या नियोजनात आहे. ग्रेडर कापून लेव्हलला येतो, भरून नाही. दाबून घट्ट झालेल्या थरावर १०-१५ मिलिमीटरची पातळ चादर पसरली तर ती खालच्या थरात मिसळत नाही. रोलरखाली ती घट्ट झाल्यासारखी वाटते, पण दोन थरांमध्ये गुळगुळीत सांधा राहतो. पाणी त्यात शिरतं, वाहनाचा ब्रेक लागला की ती सरकते आणि तुमचा पापुद्रा निघतो. मालातला सगळ्यात मोठा दगड २५ मिलिमीटरचा असेल तर १५ मिलिमीटरच्या थरात तो मावणारच नाही. तो ब्लेडखाली घसटत जातो आणि मागं ओरखडा सोडतो.

म्हणून थर पहिल्यापासून १० ते २० मिलिमीटर उंच ठेवा. एक-दोन रोलर पास देऊन बसवा, मग ओलावा असतानाच ग्रेडरनं ती जादा जाडी कापून काढा आणि निघालेला माल पुढच्या कच्च्या भागात ढकला. पूर्ण दाब त्यानंतर द्या. यात माल थोडा जादा लागतो आणि पैशाचा हिशेब करणाऱ्याला तो खुपतो, पण उकरून पुन्हा करण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो.

तरीही कमी निघालंच तर तो भाग निदान ५० ते ७५ मिलिमीटर खोल उकरा, नवा माल घाला, पाणी मारून दोन्ही एकत्र मिसळा आणि नव्यानं दाबा. १५ मिलिमीटरसाठी ७५ उकरायचं हे सांगताना साइटवर तोंड वाकडी होतात. दुसरा रस्ता नाही. तूट परवानगीच्या आत असेल तर मात्र तिला हात लावू नका. वरच्या थराच्या जाडीत ती सामावून जाते.

प्रश्न: डंपर किती अंतरावर खाली करायचे याचा सोपा हिशेब द्या.

समजा दाबल्यावर १५० मिलिमीटर जाडी हवी आहे. खडी-मुरुमासारखा माल दाबला की सुट्या जाडीच्या साधारण तीन चतुर्थांश उरतो, म्हणजे सुटी जाडी २०० मिलिमीटर धरा. रुंदी ७ मीटर. एका मीटर लांबीला ७ गुणिले ०.२, म्हणजे १.४ घनमीटर माल लागतो. डंपरमध्ये १४ घनमीटर बसत असेल तर दर १० मीटरला एक डंपर.

दाबाचं हे प्रमाण मालागणिक बदलतं, म्हणून ३० मीटरचा एक पट्टा आधी करून पाहा: पसरल्यावर लेव्हल, दाबल्यावर लेव्हल, फरकावरून तुमचा आकडा. हा पट्टा न करता सुरू झालेलं काम हमखास चार दिवसांनी थांबतं. डंपरवाल्याला खुणेसाठी चुन्याची रेघ मारून ठेवा. तोंडी अंतर सांगितलं तर दहाचे बारा होतात आणि पुढचा अर्धा दिवस ग्रेडर माल इकडून तिकडे वाहत बसतो. लांब वाहून नेणं हे ग्रेडरचं काम नाही.

प्रश्न: पसरताना मोठे दगड कडेला आणि बारीक माल मध्ये असं वेगळं होतं. चाळणीचा अहवाल तर बरोबर आहे.

चाळणी बरोबरच असणार. माल तुमच्या ब्लेडपुढं वेगळा होतोय. कोरडा माल ब्लेडपुढं गडगडत जातो तेव्हा जड, गोल दगड पुढं आणि बाहेर निसटतात, बारीक माल खाली बसतो. प्रत्येक पासमध्ये हे वाढत जातं. म्हणून पास कमी आणि भरलेले हवेत. ब्लेड किमान अर्धं भरलेलं असलं की माल ब्लेडच्या वक्रावरून वर चढून पुढं पडतो आणि मिसळतो. दोन-तीन बोटं माल घेऊन ब्लेड फिरवत राहिलं तर मिसळण्याऐवजी चाळण्याचं काम होतं.

पाणी आधी मारा, पसरून झाल्यावर नाही. प्रयोगशाळेनं दिलेल्या ओलाव्याच्या आसपास, एक-दोन टक्क्यांच्या आत माल असेल तर बारीक कण दगडांना चिकटून राहतात. मुठीत दाबल्यावर गोळा धरला आणि हाताला चिखल लागला नाही, तर ओलावा कामापुरता ठीक आहे असं समजायचं. अंतिम शब्द चाचणीचाच. उन्हात, वाऱ्यात पृष्ठभाग अर्ध्या तासात सुकतो, तेव्हा टँकर ग्रेडरच्या मागं हवा, दुसऱ्या साइटवर नाही.

आधीच वेगळा झालेला माल असेल तर सगळा एका बाजूला ओळीत गोळा करा, पाणी मारा, ब्लेडची वरची कड पुढं झुकवा आणि ती ओळ एका कडेकडून दुसरीकडे दोनदा पलटा. मग पसरा. कडेला जमलेले दगड फावड्यानं मध्ये फेकायची पद्धत दिसते. त्यानं मध्ये दगडांचे पोकळ ठिपके तयार होतात.

प्रश्न: ब्लेडचा कोन, झुकाव आणि पुढच्या चाकांचा कल: कशासाठी किती?

पसरायला आणि फिनिशिंगला कोन ३० अंशांच्या आसपास. चिकट, ओला माल ब्लेडवरून पुढं सरकत नसेल तर ४५ पर्यंत जा. माल बाजूला न सरकवता नुसता पुढं ढकलायचा असेल तर १० किंवा त्याहून कमी. कोन वाढला की रुंदी घटते: ३० अंशांवर ३.६६ चे ३.१७ मीटर उरतात, ४५ वर २.५९.

झुकावाची नेहमीची जागा म्हणजे ब्लेडची वरची कड खालच्या कडेच्या सुमारे ५० मिलिमीटर पुढं. कडक जमीन कापायची तर वरची कड मागं घ्या, धार घुसते. मिसळायचं किंवा हलकं पुसून घ्यायचं तर पुढं घ्या, धार घुसण्याऐवजी घसटते. फिनिशिंगमध्ये मागं झुकवलेलं ब्लेड उगाच खोल जातं. नवख्यांच्या कामात हे सारखं आढळतं.

पुढची चाकं ज्या बाजूला माल पडतो त्या बाजूला कलवायची. माल डावीकडे जातो तेव्हा ब्लेडवर उजवीकडे रेटा येतो आणि मशीनचं नाक उजवीकडे ओढलं जातं. चाकांचे माथे डावीकडे कलले की तो रेटा तोलला जातो. स्टिअरिंग धरून ठेवून हे करू पाहणाऱ्याचे टायर लवकर झिजतात. वळताना वळणाच्या आतल्या बाजूला कलवा.

प्रश्न: सपाटीवर माझा कॅम्बर (रस्त्याच्या मध्यापासून कडेकडचा आडवा उतार) अचूक येतो, पण चढावर तोच २.५ टक्के लावूनही चुकतो. ब्लेडवर ठेवलेली लेव्हल बरोबर दाखवते. मशीन खराब आहे का?

मशीन ठीक आहे, मोजण्याची जागा चुकते आहे. कॅम्बर रस्त्याला काटकोनात मोजायचा असतो आणि तुमचं ब्लेड काटकोनात नाही, ३० अंश फिरलेलं आहे. त्यामुळे ब्लेडच्या लांबीवरच्या उतारात रस्त्याचा आडवा उतार आणि चढ दोन्ही मिसळतात.

आकडे घेऊ. आडवा उतार २.५ टक्के हवा, रस्त्याचा चढ ३ टक्के, कोन ३० अंश. आडव्या उताराचा वाटा २.५ गुणिले ०.८६६, म्हणजे २.१७. चढाचा वाटा ३ गुणिले ०.५, म्हणजे १.५. चढ चढताना ब्लेडचं पुढचं टोक कडेच्या बाजूला असेल तर हे दोन वजा होतात आणि ब्लेडवर फक्त ०.६७ टक्के दिसायला हवेत. पुढचं टोक मध्याकडे असेल तर बेरीज होते आणि ३.६७ दिसायला हवेत. तुम्ही दोन्ही वेळा २.५ लावता. पहिल्या स्थितीत रस्त्याचा खरा उतार ४.६ टक्के होतो, दुसऱ्या स्थितीत जेमतेम १.१५. साडेतीन मीटरच्या अर्ध्या रुंदीत ४.६ आणि २.५ मधला फरक सुमारे ७३ मिलिमीटर आहे. कुठलाही रोलर तो झाकू शकत नाही.

सपाट रस्त्यावर चढाचा वाटा शून्य, म्हणून तिथं तुमचं काम बरोबर येतं. चढावर सरळ पट्टी रस्त्याला काटकोनात जमिनीवर ठेवून मोजा आणि त्या मापानुसार ब्लेड लावा. किंवा शेवटच्या हलक्या पाससाठी कोन १० अंशांवर आणा, तिथं चढाचा वाटा ०.५ टक्क्यावर येतो. उताराचं नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तर तिला ब्लेडच्या फिरण्याचा आणि मशीनच्या चढाचा, असे दोन्ही सेन्सर लागतात. नुसता ब्लेडवरचा उतारमापक तुमच्या लेव्हलइतकाच फसतो.

प्रश्न: आमच्या ग्रेडरला उपग्रहावर चालणारी मशीन कंट्रोल यंत्रणा आहे. पडद्यावर शून्य फरक, पण लेव्हल घेतली की सगळीकडे १५ मिलिमीटर जास्त.

सगळीकडे सारखाच फरक असेल तर कटिंग एज, म्हणजे ब्लेडच्या खालच्या कडेला बोल्टनं लावलेली धारेची पट्टी, मोजा. यंत्रणेला अँटेनाच्या खांबापासून धारेच्या टोकापर्यंतचं अंतर सांगितलेलं असतं. धार १५ मिलिमीटर झिजली तरी यंत्रणेच्या लेखी ती तिथंच आहे, म्हणून पृष्ठभाग तेवढाच उंच राहतो. रोज काम सुरू करण्यापूर्वी एका माहीत असलेल्या बिंदूवर धार टेकवून तपासा आणि झीज भरा.

फरक इथं जास्त, तिथं कमी असा असेल तर ते वेगळं. नुसत्या उपग्रहावरच्या यंत्रणेत उंचीचा २०-३० मिलिमीटरचा हेलकावा धरूनच चालायचं. सबग्रेडला, म्हणजे रस्त्याखालच्या मातीच्या थराला, ते चालतं. वरच्या बेस थराला टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं सर्वेक्षणाचं उपकरण), दोरी किंवा शेजारच्या तयार पट्ट्यावरून वाचणारा सेन्सर लागतो. यंत्रणा आल्यावर खुंट्या मारणं बंद करणाऱ्या साइट दिसतात; दर ५० मीटरला एक जोडी तरी ठेवा.

प्रश्न: कडेची चारी काढताना मशीन चारीत ओढलं जातं. आर्टिक्युलेशन कधी वापरायचं?

पहिला पास फक्त खुणेचा असतो. ब्लेडचं पुढचं टोक पुढच्या चाकाच्या मागं आणा, मागचं टोक उचला, कोन ४५ च्या आसपास, पहिला गिअर, खोली ७५ ते १०० मिलिमीटर. एवढीच. पहिल्याच पासला जास्त खोल घेतलं की नाक चारीकडे ओढलं जातं, तुमच्याकडे नेमकं हेच होत असावं. दुसऱ्या पासला पुढचं चाक त्या खुणेच्या चरात चालवा, म्हणजे चर स्वतःच मशीनला रेषेत धरतो. निघालेला माल मागच्या चाकांच्या मधोमध पडायला हवा. तो टँडमखाली आला की चाक त्यावर चढतं, ब्लेड उचललं जातं आणि चारीचा तळ वर-खाली होतो. दोन-तीन पासांनंतर माल साइडपट्टीवर ओढून घ्या, साठू देऊ नका.

पुढचं चाक चारीत आणि मागची चाकं घट्ट जमिनीवर हवी असतील तेव्हा आर्टिक्युलेशन मोडायचं. ओल्या कडेला याचा मोठा आधार असतो. मोडलेल्या स्थितीत ब्लेड टायरच्या जवळ येतं, तेव्हा सर्कल फिरवण्यापूर्वी आरशात नाही, मान वळवून पाहा. डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची मागची चाकं सारखी फिरवणारी कळ) सरळ ओढताना लावा, वळण्यापूर्वी काढा. काम संपवून रस्त्यावर निघताना फ्रेम सरळ, ब्लेड उचलून मशीनच्या रुंदीच्या आत. चारीच्या रेषेत केबल किंवा पाइप आहे का हे नकाशावरून आणि चाचणीच्या खड्ड्यानं आधी ठरवा. ग्रेडरच्या धारेला केबल जाणवत नाही.

प्रश्न: एका तासात किती काम धरावं?

४ किलोमीटर वेग, कोन ३० अंश, शेजारच्या पासवर अर्धा मीटर चढवून उपयोगी रुंदी २.७ मीटर, वळण्या-थांबण्यात जाणारा वेळ सोडून तासातली ४५ मिनिटं. एका पासला ८,१०० चौरस मीटर होतात. सहा पास लागत असतील तर १,३५०. सात मीटर रुंद रस्त्याचे साधारण १९० मीटर. पट्टा आखूड असेल तर हे बरंच घटतं, कारण वळण्यातच वेळ जातो. शंभर मीटरपेक्षा आखूड पट्ट्यात वळण्यापेक्षा मागं येऊन पुन्हा पुढं जाणं बरं, मागं येताना ब्लेड उचलून आणि मागं माणूस नाही याची खात्री करून.

प्रश्न: सर्कलमध्ये खेळ आहे हे कसं ओळखायचं? आणि कटिंग एज कधी बदलायची?

ब्लेड जमिनीपासून जरा वर उचला, इंजिन बंद करा, लांब पहारीनं ब्लेडच्या टोकाला वर-खाली आणि पुढं-मागं ढकलून पाहा. ठकठक आवाज आला तर सर्कलला धरणारे शू आणि त्यांच्या झिजपट्ट्या तपासा. शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) काढून किंवा पट्ट्या बदलून ती फट मॅन्युअलमधल्या मापावर आणता येते. खेळ राहिला की तुम्ही लावलेला उतार कापताना बदलतो: रिकामं ब्लेड २.५ दाखवतं, माल भरला की दुसरंच. झिजपट्ट्यांना ग्रीस लावायचं की नाही हे त्या कशाच्या आहेत यावर ठरतं. काही प्रकारांना ग्रीस लागत नाही, उलट त्यावर धूळ चिकटून झीज वाढते. सकाळच्या तपासणीत टँडमचं आणि सर्कल ड्राइव्हच्या गिअरबॉक्सचं तेल विसरलं जातं, कारण दोन्ही डोळ्यांसमोर नसतात.

कटिंग एज मोल्डबोर्डपर्यंत, म्हणजे ब्लेडच्या मूळ वक्र पानापर्यंत, झिजू द्यायची नाही. मोल्डबोर्डची कड एकदा घासली गेली की नवी एज नीट बसत नाही आणि मोल्डबोर्ड दुरुस्त करण्याचा खर्च कित्येक एजच्या बरोबरीचा असतो. बोल्टच्या डोक्यापर्यंत झीज यायच्या आत बदला. दोन्ही कडा वापरता येणारी एज असेल तर उलटून लावा. खडीच्या रस्त्यांच्या देखभालीत एजचा मधला भाग जास्त झिजतो. अशा वाकड्या धारेनं पास मारला की कॅम्बरच्या दोन सरळ उतारांऐवजी मध्ये फुगवटा येतो आणि वाहनं तो टाळून एकाच बाजूनं चालतात. सरळ पट्टी लावून धार तपासा. मध्ये फट दिसली तर एज बदला किंवा दोन्ही टोकांचे तुकडे मध्ये घेऊन अदलाबदल करा.

बदलताना ब्लेड लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, पार्किंग ब्रेक लावा, आर्टिक्युलेशनची पिन घाला, इंजिन बंद, चावी खिशात. हायड्रॉलिकवर उचललेल्या ब्लेडखाली हात घालायचा नाही. अक्युम्युलेटर असलेल्या मशीनमध्ये इंजिन बंद असूनही दाब साठलेला असतो, तो मॅन्युअलमधल्या क्रमानं काढून टाका. सहा फुटी एजचा एक तुकडा जाडी-रुंदीप्रमाणे ३५ ते ५५ किलोचा असतो आणि झिजलेली कड सुरीसारखी धारदार होते, तेव्हा दोन माणसं, जाड हातमोजे, आणि शेवटचे दोन बोल्ट काढण्यापूर्वी खालून आधार. जुने बोल्ट पुन्हा वापरू नका. नवे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, तास-दोन तास काम करून पुन्हा आवळा. नवी एज बसताना ते हमखास सैल पडतात.